वाचकांचे प्रश्न : बेसबॉलची वाइल्ड कार्ड फेरी

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलची साखळी सप्टेंबरअखेर संपते आणि एका दिवसाच्या विश्रांतीनंतर बाद फेऱ्या सुरू होतात. त्यातल्या पहिल्या फेरीबद्दल, म्हणजे वाइल्ड कार्ड मालिकेबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उदाहरणे २०२२ ते २०२५ या चार हंगामांची आहेत, कारण सध्याची पद्धत २०२२ पासूनची आहे. क्वचित त्याआधीचीही दिली आहेत.

मुलगी न्यू जर्सीत असल्यामुळे आम्ही घरबसल्या न्यूयॉर्क यांकीजवाले झालो. २०२५ मध्ये यांकीजचे ९४ विजय आणि क्लीव्हलँडचे ८८. तरी क्लीव्हलँडला तिसरे मानांकन आणि यांकीजला चौथे! हा कुठला न्याय? (कोथरूड, पुणे)

विजय मोजण्याआधी गट पाहिला जातो, म्हणून असे होते. एकूण ३० संघ, दोन लीग (अमेरिकन आणि नॅशनल), प्रत्येक लीगमध्ये ५-५ संघांचे तीन गट. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. लीगमधून सहा संघ पुढे जातात. तिन्ही गटांच्या विजेत्यांना त्यांच्या कामगिरीनुसार १ ते ३ मानांकन मिळते. उरलेल्या सगळ्या संघांतले सर्वोत्तम तीन म्हणजे वाइल्ड कार्डवाले, त्यांना ४ ते ६. वाइल्ड कार्डवाल्याने गटविजेत्यापेक्षा कितीही सामने जास्त जिंकलेले असोत, तो त्याच्या वर चढत नाही. त्या वर्षी बोस्टन रेड सॉक्सचेही ८९ विजय होते, म्हणजे तेही क्लीव्हलँडच्या पुढे. त्यांना पाचवे मानांकन मिळाले.

पहिल्या दोघांना ही फेरी खेळावीच लागत नाही. तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो, दोन सामने जिंकेल तो पुढे. आयपीएलशी तुलना करायची तर तिथे पहिल्या दोघांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते. इथे संधी नाही, फक्त सुट्टी मिळते. पुढची जोडीही आधीच ठरलेली असते. चौथ्या-पाचव्यातला विजेता अव्वल मानांकिताकडे जातो, तिसऱ्या-सहाव्यातला दुसऱ्याकडे. मध्ये कितीही उलथापालथ झाली तरी जोड्या नव्याने लावत नाहीत.

यांकीजचे खरे नुकसान क्लीव्हलँडमुळे झालेले नाही. तिसरा आणि चौथा, दोघेही घरच्याच मैदानावर खेळतात. फरक एवढाच की समोर ८७ विजयांच्या डेट्रॉइट टायगर्सऐवजी ८९ विजयांचा बोस्टन आला. मोठा फटका बसला तो टोरंटो ब्लू जेजमुळे. टोरंटोचेही ९४ विजयच होते, पण आपसांतले सामने त्यांनी ८-५ असे जिंकले होते. तेवढ्यावर टोरंटो गटविजेता झाला, अव्वल मानांकन आणि सुट्टी घेऊन बसला, आणि यांकीजना मंगळवारी मैदानात उतरावे लागले. बोस्टनला हरवून पुढे गेल्यावर गाठ पडली ती टोरंटोशीच, आणि तिथे ३-१ अशी हार झाली.

विजय सारखे झाले की एक जादा सामना व्हायचा असे आठवते. तो बंद झाला का? (ठाणे)

हो, २०२२ पासून. आता बरोबरी कागदावरच सुटते. आधी आपसांतल्या सामन्यांचा निकाल, तिथेही बरोबरी असेल तर आपापल्या गटातली कामगिरी, मग लीगमधल्या इतर गटांविरुद्धची. बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर निकाल लागतो. २०२५ मध्ये सिनसिनाटी रेड्स आणि न्यूयॉर्क मेट्स दोघेही ८३-७९ (विजय-पराभव) वर संपले. आपसांत रेड्स ४-२ ने पुढे होते, म्हणून रेड्स आत आणि मेट्स घरी.

पुढे ढकललेला एखादा जुना सामना मात्र कधी कधी साखळीनंतर खेळावा लागतो. २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळामुळे मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ह्ज यांचे दोन सामने पुढे ढकलले गेले आणि साखळी संपल्यावर, ३० सप्टेंबरच्या सोमवारी, एकाच दिवशी पाठोपाठ खेळवले गेले. पहिला मेट्सने ८-७ असा जिंकला, दुसरा अटलांटाने ३-०. दोघेही ८९-७३ वर आले आणि दोघेही पात्र ठरले. तितकेच विजय असलेले ॲरिझोना डायमंडबॅक्स आपले सामने आटोपून टीव्हीसमोर बसले होते; ते बाहेर गेले. मंगळवारी लगेच दोन्ही संघांना दोन वेगळ्या शहरांत वाइल्ड कार्डचा पहिला सामना खेळायचा होता.

तीनही सामने वरच्या मानांकिताच्या मैदानावर. मग पाहुण्यांना उरते काय? (नागपूर)

निकाल पाहिले तर बरेच काही उरते. २०२२ ते २०२५ या काळात अशा १६ मालिका झाल्या. त्यातल्या ९ पाहुण्यांनी जिंकल्या, ७ यजमानांनी. २०२२ मध्ये तर चारांपैकी एकट्या क्लीव्हलँडला घरचे मैदान राखता आले.

याचे कारण गणितात आहे. बेसबॉलमध्ये सर्वोत्तम आणि मध्यम संघांतले अंतर क्रिकेटच्या मानाने फार कमी असते; हंगामात १०० सामने जिंकणारा संघही ६० च्या वर हरतो. समजा एका संघाला प्रत्येक सामना जिंकण्याची ५५ टक्के शक्यता आहे. तीन सामन्यांची मालिका तो साधारण ५७.५ टक्के वेळा जिंकेल, पाचांची ५९ टक्क्यांच्या आसपास आणि सातांची ६१ टक्के. म्हणजे एकाऐवजी तीन सामने ठेवून बलवान संघाच्या पदरात अडीच टक्केच जास्त पडतात. घरच्या मैदानाचा ठोस फायदा म्हणजे शेवटची फलंदाजी आपली, प्रवास नाही, आणि भिंतींची, कोपऱ्यांची ओळख. तेवढ्यावर मालिका फिरत नाही.

पहिला सामना मात्र जपून खेळावा. पहिला सामना जिंकणाऱ्यानेच मालिका जिंकली असे १६ पैकी १५ वेळा झाले. अपवाद २०२५ च्या यांकीजचा. पण यातून नियम काढू नये. तुल्यबळ संघांतसुद्धा १-० ने पुढे असलेला चारातून तीनदा जिंकणारच, कारण त्याला उरलेल्या दोनांतला एकच हवा असतो. १५ हा आकडा त्याहून मोठा आहे, पण १६ मालिका म्हणजे फार थोडा माल.

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले. आमची एकच पिचर अख्खी स्पर्धा टाकायची. इथे कोट्यवधी डॉलर घेणारा पिचर एक दिवस टाकून चार दिवस बाकावर बसतो, तेही बाद फेरीत! (कोल्हापूर)

सॉफ्टबॉलमध्ये हात खालून वर्तुळाकार फिरतो. बेसबॉलमध्ये तो डोक्यावरून येतो, ताशी १५० किलोमीटरच्या पुढचा वेग काढताना कोपर आणि खांद्यावर फार ताण पडतो. ९०-१०० चेंडू टाकल्यावर स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, किमान चार पूर्ण दिवस मोकळे द्यायची पद्धत आहे. मधल्या एका दिवशी तो बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) थोडे हलके चेंडू टाकतो, तेवढेच. त्यामुळे या फेरीची खरी आखणी साखळीच्या शेवटच्या आठवड्यात होते आणि वारांवर चालते.

साखळी रविवारी संपते, वाइल्ड कार्ड मंगळवार, बुधवार, गुरुवार, मधे सुट्टी नाही. आता उलटे मोजा. पहिल्या सामन्यासाठी जो हवा, त्याने शेवटचे आधीच्या गुरुवारी टाकलेले असले पाहिजे. शुक्रवारचा माणूस बुधवारी तयार होतो, शनिवारचा गुरुवारी. रविवारी ज्याला वापरला तो शुक्रवारपर्यंत येतच नाही, म्हणजे ही फेरी त्याच्याविनाच. पात्रता शेवटच्या रविवारपर्यंत लटकलेली असेल तर मॅनेजरपुढे हाच पेच असतो : आजचा सामना जिंकायला हुकमी पिचर वापरला, तर पोहोचल्यावर पहिल्या फेरीत टाकणार कोण? जे आठवडाभर आधीच पात्र ठरतात त्यांना हा वारांचा हिशेब नीट जुळवता येतो. मानांकनाइतकाच तोही फायदा आहे, फक्त तो गुणतक्त्यात दिसत नाही.

टायगर्सच्या तारिक स्कूबलचे वेळापत्रक पाहा. ३० सप्टेंबर २०२५ ला क्लीव्हलँडमध्ये पहिल्या सामन्यात त्याने नवापैकी साडेसातहून जास्त इनिंग (डाव) टाकल्या, १४ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, टायगर्स २-१ ने जिंकले. मालिका तिसऱ्या सामन्यापर्यंत गेली आणि टायगर्सनी जिंकली. पुढची फेरी सिॲटलला ४ ऑक्टोबरला सुरू झाली, पण स्कूबल ५ तारखेच्या दुसऱ्या सामन्यालाच मिळाला. त्यानंतर १० ऑक्टोबरला, पाचव्या सामन्यात. पहिल्या फेरीत खर्च झालेल्या पिचरचे व्याज दुसऱ्या फेरीत असे भरावे लागते. दुसरीकडे सिॲटल मरिनर्सना सुट्टी होती.

संघात २६ खेळाडू असतात आणि ही यादी प्रत्येक मालिकेसाठी नव्याने देता येते. तीन सामन्यांना पाच स्टार्टर लागत नाहीत. तीन, फार तर चार पुरतात. उरलेल्या जागा रिलीव्हरना (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरना), राखीव फलंदाजांना किंवा नुसत्या पळणाऱ्याला देतात. मालिका चालू असताना कोणी जखमी झाला तर बदली घेता येतो, पण ज्याला काढले तो पुढच्या फेरीतही खेळू शकत नाही. त्यामुळे कोपर किंचित दुखणाऱ्या पिचरला काढायचे की एका माणसाच्या तुटवड्यात मालिका रेटायची, हा निर्णय वाटतो तितका सोपा नसतो.

चुका होतात त्या बदलाच्या वेळेत, आणि दोन्ही बाजूंनी होतात. उशिराचे उदाहरण २०१६ चे, तेव्हा ही फेरी एकाच सामन्याची होती. बाल्टिमोर ओरिओल्सकडे झॅक ब्रिटन हा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर, होता. त्या हंगामात आघाडी राखायच्या ४७ संधी आणि ४७ ही यशस्वी. टोरंटोत २-२ बरोबरी होती. पाहुण्या संघाने क्लोजर आघाडी मिळेपर्यंत राखून ठेवायचा, या जुन्या शिरस्त्याप्रमाणे मॅनेजर बक शोवॉल्टर थांबले. आघाडी आलीच नाही. अकराव्या इनिंगमध्ये उबाल्डो हिमेनेसच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासिओनने तीन रनांचा होम रन मारला, ५-२, हंगाम संपला. ब्रिटनने एकही चेंडू टाकला नव्हता. हरलात तर उद्या नाही, अशा सामन्यात उत्तम पिचर आघाडीसाठी राखायचा नसतो, समोरचे सर्वांत धोकादायक फलंदाज येतील तेव्हा वापरायचा असतो.

घाईचे उदाहरण २०२३ चे. मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध दुसऱ्या सामन्यात टोरंटोच्या होसे बेरिओसने तीन इनिंगमध्ये एकही रन दिला नव्हता. चौथ्या इनिंगचा पहिलाच फलंदाज वॉकवर (चार चेंडू पट्ट्याबाहेर पडल्याने मोफत) बेसवर गेला आणि ४७ चेंडूंवर बेरिओसला बाहेर बोलावले. डावखुरा युसेई किकुची आत आला. आखणी आधीच ठरली होती : समोर डावरे फलंदाज जास्त आहेत, डावऱ्यांना डावखुरा पिचर जड जातो, तो आणला की मिनेसोटाला त्यांना बदलावे लागेल. फलंदाज बदलले खरे, पण त्याच इनिंगमध्ये दोन रन झाले आणि सामना तिथेच संपल्यासारखा झाला : २-०. कागदावर आखणी चुकीची नव्हती. पण त्या दिवशी बेरिओसचे चेंडू कसे पडताहेत हे कागदाला ठाऊक नव्हते.

बुलपेनबद्दल, म्हणजे रिलीव्हरच्या ताफ्याबद्दल, दोन गोष्टी लक्षात ठेवा. २०२० पासून आत आलेल्या पिचरला किमान तीन फलंदाजांना टाकावे लागते, नाहीतर ती अर्धी इनिंग संपवावी लागते. एका फलंदाजापुरता माणूस आणून लगेच काढता येत नाही. आणि रिलीव्हर लागोपाठ दोन दिवस टाकू शकतो, पण तिसऱ्या दिवशी वेग उतरतो, चेंडू मधोमध पडायला लागतात. म्हणून पहिले दोन सामने अटीतटीचे झाले तर तिसऱ्यात ज्याचा स्टार्टर खोलवर जाईल त्याचे पारडे जड. यांकीजने २ ऑक्टोबर २०२५ ला तिसऱ्या सामन्यात नवख्या कॅम श्लिटलरला उतरवले. त्याने ८ इनिंग टाकल्या, १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. बोस्टन ४-० असा हरला आणि यांकीजच्या थकलेल्या बुलपेनला जेमतेम एक इनिंग सांभाळावी लागली.

२६ जणांत नुसत्या पळणाऱ्यासाठी जागा अडवणे म्हणजे चैन नाही का? (नाशिक)

साखळीत चैन, या फेरीत नाही. एका रनावर फिरणारे सामने इथे सारखे होतात. २०२४ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सने बाल्टिमोरला १-० आणि २-१ असे हरवले. याच रॉयल्सने २०१४ चा एकमेव सामना, आठव्या इनिंगमध्ये ७-३ ने मागे असताना, ७ बेस चोरून (फटका नसताना पुढच्या बेसवर पळून) ९-८ असा काढला. नवव्या इनिंगमध्ये जॅरॉड डायसनला बदली धावपटू म्हणून आणले, त्याने तिसरा बेस चोरला आणि झेल गेलेल्या उंच फटक्यावर बरोबरीचा रन आणला.

पळण्याची किंमत जवळून पाहायची असेल तर यांकीज-बोस्टन २०२५ चा दुसरा सामना पाहा. आठवी इनिंग, ३-३, दोन आउट, पहिल्या बेसवर जॅझ चिझम. फलंदाज ऑस्टिन वेल्सची गणती ३ बॉल २ स्ट्राइक. दोन आउट आणि पूर्ण गणती असताना फक्त पहिल्या बेसवर माणूस असेल तर तो चेंडू सुटताच पळतो, कारण गमावण्यासारखे काहीच नसते : स्ट्राइक झाला तर इनिंग संपलीच, बॉल झाला तर बेस मोफत. वेल्सचा फटका उजव्या रेषेलगत गेला, साधा सिंगल. एरवी धावपटू तिसऱ्यावर थांबला असता. चिझम आधीच सुटलेला असल्यामुळे थेट घरी, म्हणजे होम बेसवर, आला आणि डोके पुढे टाकून घसरला. ४-३, आणि मालिका वाचली.

बाद फेरीत नियम बदलतात का? पाऊस आला तर? (पणजी)

थोडे बदलतात. साखळीत दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता धावपटू ठेवतात, बाद फेरीत ठेवत नाहीत. म्हणून २०२२ मध्ये क्लीव्हलँड आणि टँपा बे रेज यांचा दुसरा सामना १४ इनिंग ०-० राहिला. पंधराव्यात ऑस्कर गोन्झालेसच्या होम रनने सुटला. अंपायर चाराऐवजी सहा असतात, जादाचे दोन बाहेरच्या रेषांवर. मॅनेजरला व्हिडिओ फेरतपासणीचे एकाऐवजी दोन दावे मिळतात. पिच क्लॉक (चेंडू टाकायला मिळणारा वेळ) मात्र तसेच : बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, धावपटू असेल तर १८. पावसाने साखळीतला सामना पाच इनिंगनंतर पूर्ण धरता येतो. इथे तो थांबला तिथूनच पुढे खेळवतात.

सुट्टी मिळालेले संघ गंजतात असे ऐकले. मग पहिली दोन मानांकने शापच म्हणायची! (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

ही हाकाटी २०२३ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी १०४ विजयांचे अटलांटा, १०१ चे बाल्टिमोर आणि १०० चे लॉस एंजेलिस डॉजर्स, तिघेही सुट्टीनंतर पहिल्याच मालिकेत गारद झाले. अंतिम मालिका दोन वाइल्ड कार्डवाल्यांत झाली : टेक्सस रेंजर्सनी ॲरिझोनाला ४-१ हरवले. त्याआधी २०२२ मध्ये १११ विजयांचे डॉजर्सही असेच गेले होते. पण २०२४ आणि २०२५ मध्ये सुट्टीवाल्यांनी दर वर्षी चारांपैकी तीन मालिका जिंकल्या. चार वर्षांचा हिशेब १६ पैकी ९. वरच्या गणितातले ५९ टक्के आठवा. ९ म्हणजे जवळपास तेवढेच. गंज नाही आणि जादूही नाही. ज्याला ही फेरी टाळता येते त्याने टाळावी, पिचर ताजे राहतात. २०२५ चे डॉजर्स तिसऱ्या मानांकनामुळे ही फेरी खेळले, रेड्सना दोनच सामन्यांत उरकले आणि शेवटी विजेतेही झाले. दोनांत उरकल्याने त्यांचा तिसरा स्टार्टर पुढच्या मालिकेसाठी शिल्लक राहिला, हे विसरू नये.

भारतातून बघायचे तर किती वाजता उठावे? आणि ऑक्टोबरात मुलाकडे जातोय, तिसऱ्या सामन्याचे तिकीट काढावे का? (सांगली)

त्या काळात न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. २०२५ च्या पहिल्या दिवशी तिथल्या दुपारी १:०८, ३:०८, संध्याकाळी ६:०८ आणि रात्री ९:०८ असे चार सामने होते, म्हणजे आपल्याकडे रात्री १०:३८, १२:३८, पहाटे ३:३८ आणि सकाळी ६:३८. एकच पाहायचा असेल तर पहिला बघून झोपावे किंवा शेवटचा चहाबरोबर घ्यावा. मधले दोन बघायचे तर दुसऱ्या दिवशी रजा टाका.

तिसऱ्या सामन्याच्या तिकिटावर ‘गरज पडल्यास’ असे लिहिलेले असते. १६ पैकी ११ मालिका दोनच सामन्यांत संपल्या, म्हणून विमानाचे तिकीट त्यावर बेतू नका. सामना झाला नाही तर पैसे परत की खात्यावर जमा, ही अट विकत घेण्याआधी वाचा. दुसऱ्याने पुन्हा विकायला काढलेल्या तिकिटांवर अटी वेगळ्या असू शकतात. एकच दिवस हातात असेल तर मंगळवार निवडा. तो सामना नक्की होतो, आणि दोन्ही संघांचा उत्तम पिचर बहुधा त्याच दिवशी टाकतो.